अंतर तेच, मग वेळ वेगळी का? ट्रायथलॉनच्या घड्याळामागचं गणित

२०२३ साली जर्मनीचा पॅट्रिक लँगे दोन मोठ्या शर्यतींत उतरला. जूनमध्ये जर्मनीतल्या रोथला आणि सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या नीसला. दोन्हीकडे अंतर तेच होतं: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं. दोन्हीकडे तो दुसरा आला. रोथला त्याला लागले साडेसात तास, नीसला ८ तास १० मिनिटं. माणूस तोच, वर्ष तेच, क्रमांक तोच, आणि घड्याळात चाळीस मिनिटांची तफावत. पुढच्या वर्षी हवाई बेटांवरच्या कोनाला तो जगज्जेता झाला, ७ तास ३५ मिनिटं ५३ सेकंदांत. मधल्या वर्षभरात तो अर्ध्या तासाने वेगवान झाला होता का? नाही. मार्ग बदलला होता.

आयर्नमॅन ही लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन शर्यतींची मालिका. तिची जागतिक स्पर्धा २०२३ ते २०२५ या काळात कोना आणि नीस अशी विभागलेली होती. एका वर्षी पुरुष इकडे, स्त्रिया तिकडे. पुढच्या वर्षी उलट. २०२६ पासून दोघांचीही स्पर्धा पुन्हा कोनाला घ्यायची असं ठरलं, आणि या तीन वर्षांतल्या वेळा एकमेकींशी कशा ताडायच्या हा प्रश्न पुन्हा निघाला.

हा प्रश्न फक्त जगज्जेत्यांचा नाही. आपल्या इंदुरातूनही लोक गोव्याच्या शर्यतीला जातात, कोल्हापूरला जातात. परत आल्यावर रामबागेतल्या एखाद्या घरी चहा होतो आणि कुणीतरी काका सहज म्हणतात, "तुला सात तास लागले होय? वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या भावाला तर पावणेसहाच लागले म्हणे." काकांच्या मनात वाईट काही नसतं. पण पहाटे साडेचारला उठून वर्षभर तयारी केलेल्या माणसाचा चेहरा त्या एका वाक्याने पडतो. ती तुलना मुळातच चुकीची असते, आणि का चुकीची असते हे समजावून घ्यायला शाळेतलं गणित पुरतं.

तीन खेळ, एकच घड्याळ

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. एका खेळातून दुसऱ्यात जाताना कपडे, बूट, हेल्मेट बदलायला जी जागा असते तिला ट्रान्झिशन म्हणतात. तिथे गेलेली मिनिटंही एकूण वेळेत धरली जातात. पाण्यातून बाहेर आल्यावर सायकलपर्यंत कुठे पन्नास पावलं असतात, कुठे अर्धा किलोमीटर अनवाणी पळावं लागतं. फरकाची सुरुवात इथूनच होते.

अंतराचे ठरलेले प्रकार आहेत. ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. पूर्ण आयर्नमॅनचं अंतर, म्हणजे लँगेच्या शर्यतींचं, वर आलंच आहे. त्याच्या निम्मं म्हणजे हाफ, जी गोव्यात होते: १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. हाफ पूर्ण करायला साधारण साडेआठ तासांची मुदत असते.

आधी हे सांगा, अंतर तरी खरंच सारखं असतं का?

मॅरेथॉनचा रस्ता अधिकृतरीत्या मोजायचा तर खास मोजणीयंत्र लावलेल्या सायकलवरून सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, आणि चुकून कमी भरू नये म्हणून हजाराला एक मीटर जास्तच धरतात. ट्रायथलॉनमध्ये इतका काटेकोरपणा नाही, आणि तो शक्यही नाही. सायकलचा मार्ग शहराच्या रस्त्यांत बसवायचा असतो, वळायची जागा असेल तिथेच वळावं लागतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हाइड पार्कच्या फेऱ्या मिळून सायकलचं अंतर ४३ किलोमीटर भरलं होतं, ४० नाही. पुरुषांचा विजेता अ‍ॅलिस्टर ब्राउनली याची वेळ १ तास ४६ मिनिटं २५ सेकंद होती. चार वर्षांनी रिओला तोच जिंकला, १ तास ४५ मिनिटं १ सेकंदात. या दोन आकड्यांतून तो किती सुधारला हे काढायला गेलात तर ते जादाचे तीन किलोमीटर आधी आडवे येतात.

पाण्यात तर आणखी कठीण. मार्ग दाखवायला तरंगते बोये दोराने तळाशी बांधलेले असतात. वाऱ्याने, लाटांनी ते सरकतात. पोहणारा माणूस सरळ रेषेत जातोच असं नाही. दर काही हातांनंतर डोकं वर काढून बोया शोधावा लागतो, आणि उन्हात तो दिसला नाही तर दीडशे-दोनशे मीटर जास्तीचं पोहणं सहज होतं. मनगटावरचं घड्याळ अंतर सांगतं, पण प्रत्येक हाताला ते पाण्याखाली जातं, उपग्रहाचा संपर्क तुटतो आणि मधली जागा ते अंदाजाने भरतं. पोहण्याच्या बाबतीत त्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पाणी

२०२१ च्या नोव्हेंबरात नॉर्वेच्या क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर पूर्ण आयर्नमॅन ७ तास २१ मिनिटं १२ सेकंदांत संपवली. जगभर बातमी झाली. त्यातलं पोहणं त्याने ३९ मिनिटं ४१ सेकंदांत उरकलं होतं. कोनाला पाण्यात सर्वांत पुढे असणाऱ्यांनाही तेवढ्याच अंतराला ४६ ते ४८ मिनिटं लागतात, आणि ब्लुमेनफेल्ट काही पोहण्यात जगातला पहिला नव्हे. कोझुमेलला एका ठिकाणी पाण्यात उतरून दुसऱ्या ठिकाणी बाहेर पडायचं असतं, आणि समुद्राचा प्रवाह त्याच दिशेने वाहतो. त्याचं सायकल चालवणं आणि धावणं अफाटच होतं. पण पहिली काही मिनिटं समुद्राने दिली होती, हे लक्षात ठेवायला हवं.

उलटं उदाहरण पॅरिसचं. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये सीन नदीत पोहायचं होतं. पाण्याची गुणवत्ता ठीक नसल्याने पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे गेली हे अनेकांना आठवत असेल, पण खेळाडूंचा खरा झगडा प्रवाहाशी होता. प्रवाहाविरुद्ध जाताना ते काठाला खेटून पोहत होते, कारण काठाजवळ पाण्याचा जोर कमी असतो.

दुसरी गोष्ट वेटसूटची. हा रबरासारख्या निओप्रीनचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख. तो पाण्यात तरंगतो, त्यामुळे कंबर आणि पाय आपोआप वर राहतात, शरीर आडवं होतं आणि पाण्याचा अडथळा घटतो. ज्याचे पाय बुडतात अशा, म्हणजे आपल्यासारख्या मोठेपणी पोहायला शिकलेल्या माणसाला त्याचा फायदा सर्वांत जास्त. पण पाणी गार असेल तरच त्याची परवानगी मिळते. आयर्नमॅनच्या शर्यतींत हौशी खेळाडूंसाठी ही मर्यादा २४.५ अंश सेल्सिअस आहे. युरोपातल्या तलावांत बहुधा वेटसूट चालतो. कोनाच्या किंवा गोव्याच्या कोमट समुद्रात त्याचा प्रश्नच येत नाही. समुद्राचं खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असल्याने थोडं जास्त उचलून धरतं खरं, पण लाटा तो फायदा काढून घेतात.

तरणतलावात सराव करणाऱ्यांसाठी एक बारीक मुद्दा. २५ मीटरच्या तलावात दीड किलोमीटर पोहताना ५९ वेळा भिंत येते. प्रत्येक भिंतीला पाय लावून ढकललं की काही मीटर जवळजवळ फुकट मिळतात आणि हातांना क्षणभर विसावा मिळतो. उघड्या पाण्यात भिंत नाही. त्यामुळे तलावात ३५ मिनिटांत दीड किलोमीटर जाणारा माणूस समुद्रातून ४० मिनिटांनी बाहेर आला, तर त्याने निराश होऊ नये.

चढ आणि उतार यांची फिटंफाट का होत नाही

हा भाग सावकाश वाचा, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. "चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघतो" असं चांगले सायकलवालेही म्हणतात. निघत नाही.

दहा किलोमीटरचा चढ आहे आणि त्याच रस्त्याने दहा किलोमीटर खाली यायचंय. सपाटीवर तुम्ही ताशी ३० किलोमीटरने जाता, म्हणजे वीस किलोमीटरला ४० मिनिटं. आता चढावर वेग निम्मा झाला, ताशी १५. उतारावर तो दुप्पट झाला, ताशी ६०. निम्मा आणि दुप्पट, म्हणजे बरोबरी झाली असं वाटतं. पण चढाला लागली ४० मिनिटं, उताराला १०. एकूण ५०. आणि नीट पाहा: सपाटीवरच्या पूर्ण वीस किलोमीटरची ४० मिनिटं चढावरच संपली होती. उतार डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपला असं धरलं, तरी फार तर बरोबरी झाली असती. कारण साधं आहे. ज्या तुकड्यात आपण हळू असतो त्याच तुकड्यात जास्त वेळ घालवतो. वेगाची सरासरी अंतराच्या हिशेबाने काढायची नसते, वेळेच्या हिशेबाने काढायची असते.

हाच हिशेब वाऱ्याला लागू होतो, नदीच्या प्रवाहालाही.

शिवाय उतारावर वेग दुप्पट होणंही सोपं नाही. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. त्यात घाटातली वळणं. चढताना घाम गाळून जी ऊर्जा उंचीच्या रूपात साठवली, ती उतरताना हवेला आणि ब्रेकना द्यावी लागते.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे घाट उतरून बलवाड्यावरून बडवाहला, नर्मदेकाठी गेलं की आपण जवळपास साडेतीनशे मीटर खाली आलेलो असतो. परत येताना सायकल आणि माणूस मिळून ८० किलो वजन तेवढं वर उचलायचंय. पायांतून पेडलवर दर सेकंदाला जाणारी ताकद वॅटमध्ये मोजतात. बरा सराव असलेला हौशी सायकलवाला काही तास १५० वॅट देऊ शकतो. ही सगळी ताकद फक्त वर चढण्यात घातली, हवा आणि रस्त्याचं घर्षण शून्य धरलं, तरी त्या साडेतीनशे मीटरला अर्धा तास लागतो. वजन ९५ किलो असेल तर छत्तीस मिनिटं. ज्यांनी तो घाट दुपारी चढलाय त्यांच्या मांड्यांना हे गणित आधीच ठाऊक आहे.

नीसच्या सायकलमार्गावर एकूण चढ सुमारे २,४०० मीटरचा आहे. म्हणजे बडवाह ते इंदूर हा चढ एकाच दिवसात सात वेळा. लँगेची चाळीस मिनिटं मुख्यतः तिथे गेली.

ऑलिंपिकच्या छोट्या अंतरातही हे दिसतं. २००४ च्या अथेन्स स्पर्धेत सायकलच्या प्रत्येक फेरीत एक खडा चढ होता. न्यूझीलंडचा हॅमिश कार्टर जिंकला तो १ तास ५१ मिनिटं ७ सेकंदांत. पॅरिसला २०२४ मध्ये ब्रिटनच्या अ‍ॅलेक्स यीने सुवर्ण घेतलं १ तास ४३ मिनिटं ३३ सेकंदांत. या वीस वर्षांत सायकली आणि बूट सुधारले, सरावाच्या पद्धती सुधारल्या, हे खरंच. पण साडेसात मिनिटांच्या या फरकात अथेन्सच्या चढाचा वाटा मोठा आहे, आणि कार्टर यीपेक्षा तेवढा कमी होता असं कुणी जाणकार म्हणणार नाही.

वारा, आणि इंदूरची थोडी विरळ हवा

सपाट रस्त्यावर वेग ताशी तीसच्या पुढे गेला की सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. म्हणून ते हँडलवर कोपर टेकून वाकून बसतात. आणि म्हणूनच वारा इतका महत्त्वाचा. ९० किलोमीटरच्या शर्यतीत ४५ किलोमीटर समोरून वारा आणि वेग २५, परतीचे ४५ पाठीमागून वारा आणि वेग ३५, तर वेळ तीन तास होत नाही. तीन तास पाच मिनिटं होते. वर सांगितलेलाच हिशेब.

कोनाचा सायकलमार्ग उंचीच्या आकड्यांवरून भयंकर वाटत नाही. पण लाव्हाच्या काळ्या पठारातून जाणाऱ्या त्या महामार्गावर बाजूने येणारे जोरदार वारे कुप्रसिद्ध आहेत. बाजूचा वारा वेग तर खातोच, शिवाय सायकल हलू लागली की माणूस घाबरून हँडल घट्ट धरतो, उठून बसतो, आणि वाकून बसण्याचा सगळा फायदा जातो. हा भाग कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. इंदूरच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ आहे. त्याच ताकदीत सायकल इथे दीडएक टक्का जास्त वेगाने जाते. इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर वारा पडलेला असताना तुम्ही ताशी ३० ने जात असाल, तर गोव्याला तेवढीच ताकद लावून ९० किलोमीटरला दोन-तीन मिनिटं जास्त लागतील. दुसऱ्या बाजूला समुद्रकाठी श्वासाला थोडा जास्त प्राणवायू मिळतो. इतक्या कमी उंचीवर दोन्ही परिणाम लहान आहेत आणि बऱ्यापैकी एकमेकांना खोडून काढतात. गोव्यात वेळ बिघडते ती यामुळे नाही.

ऊन आणि दमटपणा

आपले स्नायू फार काटकसरी नाहीत. खाल्लेल्या अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा पेडलवर पोचतो, बाकी उष्णता होते. १५० वॅटने सायकल चालवणारा माणूस आत किमान ४५० वॅटची शेगडी घेऊन फिरत असतो. ही उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. नुसता ओघळून खाली पडलेला घाम काही कामाचा नाही.

इंदूरचा एप्रिल-मे कोरडा असतो. चाळीस अंशांत कातडी कोरडी वाटते, कारण घाम आल्याबरोबर उडून जातो. तहान लागते, पण शरीराची गार होण्याची यंत्रणा चालू असते. गोव्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पारा तिशीच्या थोडा वर असतो, ऐकायला सौम्य वाटतं. पण हवा आधीच बाष्पाने भरलेली, घाम वाळत नाही. मग शरीर रक्त कातडीकडे वळवतं, स्नायूंना कमी पडतं, हृदयाचे ठोके वाढतात आणि वेग उतरतो. सायकलवर निदान अंगावर वारा असतो. धावताना वेग कमी, त्यामुळे वाराही नाही, आणि पाय आधीच थकलेले. इंदूरच्या उन्हाची सवय आहे म्हणून गोव्याला काही होणार नाही, असं समजून गेलेली माणसं तिथे अर्ध्यातून चालायला लागतात.

ही गोष्ट जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंनाही सोडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोनाला स्त्रियांची जागतिक स्पर्धा झाली. ब्रिटनची लुसी चार्ल्स-बार्कली आणि अमेरिकेची टेलर निब पुढे होत्या. लुसी २०२३ ची जगज्जेती. तेव्हा तिने याच मार्गावर ८ तास २४ मिनिटं ३१ सेकंदांचा उच्चांक केला होता. या वेळी उष्म्याने तिला धावताना थांबावं लागलं. मग निब एकटीच आघाडीवर राहिली, आणि शेवटची रेषा अवघ्या काही किलोमीटरवर असताना तीही रस्त्याच्या कडेला बसली. नॉर्वेची सोल्वेग लोव्हसेथ ८ तास २८ मिनिटं २७ सेकंदांत जिंकली. मार्ग तोच, तरी दिवस वेगळा होता. म्हणजे वेळ केवळ ठिकाणावर नाही, त्या दिवसाच्या हवेवरही ठरते.

धावण्याच्या मार्गाचे बाकीचे मुद्दे थोडक्यात सांगतो. सावली आहे की नाही, किती वेळा पूर्ण माघारी वळायचं आहे, पायाखाली डांबर आहे की वाळू. प्रत्येक माघारी वळणाला काही सेकंद जातात आणि लय तुटते. पण धावण्याची वेळ सर्वांत जास्त ठरते ती आधीच्या सायकलने पायांत काय शिल्लक ठेवलं त्यावर.

"पण चांगला खेळाडू कुठेही चांगलाच ना?"

चांगला असतोच, पण सगळीकडे सारखाच चांगला नसतो. मार्ग फक्त वेळ बदलत नाही, क्रमही बदलतो. साठ किलोचा लहान चणीचा माणूस घाटात पुढे निघतो. ऐंशी किलोचा ताकदवान माणूस सपाटीवर त्याला मागे टाकतो, कारण सपाटीवर वजनापेक्षा हवा महत्त्वाची. ज्याचं पोहणं कच्चं आहे त्याला वेटसूटची शर्यत तारते. ज्याला घाम फार येतो त्याची दमट शर्यतीत दमछाक होते. दोन मित्र दोन ठिकाणी एकमेकांना हरवू शकतात, आणि दोन्ही निकाल खरे असतात.

"मग या सगळ्याचं एखादं सूत्र का नाही काढत?"

अमक्या मार्गाला इतके टक्के वाढवा, तमक्याला इतके कमी करा, असे ढोबळ अंदाज लोक करतात. अडचण अशी की घटक सुटे नसतात. चढ जास्त असला की सायकलवर जास्त वेळ जातो, म्हणून धावायची सुरुवात उशिरा, म्हणजे जास्त उन्हात होते. पोहायला दहा मिनिटं जास्त लागलेल्या माणसाला सकाळचा शांत वारा मिळत नाही, वाढलेला मिळतो. विजेता आणि शेवटचा स्पर्धक एकाच दिवशी दोन वेगळ्या हवामानांत शर्यत करत असतात. पहिल्यासाठी काढलेली टक्केवारी शेवटच्याला लागू पडत नाही.

"मग विश्वविक्रम कशाला म्हणायचं?"

मॅरेथॉनने हा प्रश्न नियमांनी सोडवलाय. विक्रम धरायचा तर सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, आणि एकूण उतार किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको. २०११ मध्ये केनियाचा जेफ्री मुताई बोस्टनला २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत धावला. तोवर इतकं वेगाने कुणी धावलं नव्हतं. तरी तो विश्वविक्रम ठरला नाही, कारण बोस्टनचा मार्ग एका दिशेने जाणारा आणि उताराचा आहे. त्या दिवशी पाठीला वाराही होता.

लांब अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये असा सर्वमान्य विक्रम नाही. असते ती 'आजवरची सर्वांत कमी वेळ', आणि तिच्यापुढे ठिकाणाचं नाव लावावंच लागतं. कोझुमेल म्हटलं की प्रवाह आठवायचा. रोथ म्हटलं की कालव्याचं संथ पाणी, चांगले रस्ते आणि लाखो प्रेक्षक. ब्लुमेनफेल्टनेच २०२२ मध्ये जर्मनीतल्या लाउसित्झरिंग या ट्रॅकवर ६ तास ४४ मिनिटं २५ सेकंद अशी वेळ दिली, पण तिथे त्याच्या पुढे वारा अडवायला आणि गती राखायला खास माणसं होती. ती शर्यत नव्हती, माणूस कुठवर जाऊ शकतो याचा प्रयोग होता, आणि तसा तो विलक्षणच होता.

"म्हणजे सोप्या मार्गावरची कमी वेळ खोटी?"

अजिबात नाही, आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण घाट चढणाऱ्यांना कधी कधी असा गर्व होतो. सपाट मार्गावर विसावा नसतो. घाटात उतार आला की पेडल थांबवता येतं, पाठ सरळ करता येते, पाणी पिता येतं. सपाट १८० किलोमीटरमध्ये एकाच अवस्थेत वाकून पाच-सहा तास अखंड पेडल मारायचं असतं. मान आणि कंबर यांची ती वेगळीच परीक्षा आहे.

आणि जास्त वेळ म्हणजे कमी कर्तृत्व नाही. नॉर्वेतल्या 'नॉर्समन' शर्यतीत फेरीबोटीतून थंडगार फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, उडी मारायची असते आणि शेवट होतो १,८५० मीटरच्या डोंगरमाथ्यावर. तिथे विजेत्यालाही दहा तासांच्या आसपास लागतात. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत केली. तलावातलं पोहणं, सायकलच्या मार्गात चढ. दुसऱ्या कुणी कुठल्यातरी सपाट ठिकाणी तेरा तास दिले, म्हणून त्यांना 'सोमणांपेक्षा भारी' ठरवणं हा दोघांवरही अन्याय आहे.

मग तुलना करायची तरी कशी?

इंदुरात घरोघरी जेईईची मुलं आहेत, त्यामुळे हे चटकन कळेल. जेईई मेनचे पेपर वेगवेगळ्या पाळ्यांत होतात, कुठल्या पाळीचा सोपा, कुठल्या पाळीचा अवघड. म्हणून नुसते गुण धरत नाहीत, पर्सेंटाइल धरतात: तुमच्याच पाळीला बसलेल्यांपैकी किती टक्के मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे आहेत. ट्रायथलॉनचा निकाल तसाच वाचायचा.

वेळ बाजूला ठेवा आणि आपला वयोगट बघा. समजा गोव्याला तुमच्या गटात १५० जणांनी शर्यत पूर्ण केली आणि तुम्ही ४५वे आलात, म्हणजे वरच्या तीस टक्क्यांत. कोल्हापूरला ८० जणांत ४०वे आलात, म्हणजे बरोबर मध्यावर. मग कोल्हापूरची वेळ अर्ध्या तासाने कमी असली, तरी गोव्याची कामगिरी जास्त चांगली होती असं मानायला जागा आहे. आयर्नमॅननेही जागतिक स्पर्धेसाठी निवडीची नवी पद्धत आणली तेव्हा वयानुसार वेळेत फेरफार करायचं ठरवलं, पण ताडून बघायचं ते एकाच शर्यतीतल्या लोकांशी.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. गटात दहाच जण असतील तर टक्क्यांना अर्थ नाही. एखाद्या शर्यतीला मुरलेले खेळाडूच जास्त येतात, दुसरीकडे बरेच जण पहिल्यांदा उतरलेले असतात. आणि किती जणांनी शर्यत अर्ध्यात सोडली हेही बघावं. पाचातला एक जण पोचलाच नसेल, तर पोचलेल्यांतला शेवटचाही मागे कुणाला तरी टाकून आलेला असतो.

निकालाच्या तक्त्यात आणखी एक उपयोगाची गोष्ट असते: तिन्ही खेळांतले वेगवेगळे क्रमांक. पोहण्यात ६०वे, सायकलवर ३५वे आणि धावण्यात ९०वे, असा तक्ता दिसला की समजा सायकलवर झेपेल त्यापेक्षा जास्त ताकद लावली गेली आणि तिची किंमत धावताना मोजावी लागली. हे कळायला एकूण वेळेचा काहीच उपयोग नसतो.

शर्यत निवडतानाही हेच डोळ्यांपुढे ठेवा. नाव नोंदवण्याआधी चार गोष्टी विचारा: पाण्याचं त्या महिन्यातलं तापमान आणि प्रवाह, सायकलमार्गावरचा एकूण चढ मीटरमध्ये, धावणं दिवसाच्या कुठल्या वेळी येतं, आणि हवेतला दमटपणा. उत्तरांप्रमाणे सराव बदला. चढाची शर्यत असेल तर सुपर कॉरिडॉर सोडून आठवड्यातून एकदा सिमरोलच्या पुढे घाटात जा, आणि वर येताना सुरुवातीलाच जोर संपवू नका. गोव्याला जायचं असेल तर दमट हवेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. इतके दिवस आधी जाणं नोकरदाराला जमत नाही. तेव्हा शेवटचे दोन आठवडे इथेच, खिडक्या बंद केलेल्या खोलीत पंखा न लावता घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, अर्धा-पाऊण तास हलक्या वेगाने सायकल चालवा, घरातलं कुणीतरी जवळ असू द्या, आणि आधी व नंतर वजन करून किती पाणी गेलं ते लिहून ठेवा. शर्यतीच्या दिवशी तासाला किती प्यायचं याचा अंदाज त्याच आकड्यावरून बांधता येतो.